ना परी, ना किल्ला: आयर्लंडच्या शेतातली गोल कडी

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर किंवा रॉस्कॉमन काउंटीचा उपग्रह नकाशा उघडा आणि हळूहळू मोठा करत जा. आधी हिरव्या शेतांचे वेडेवाकडे तुकडे दिसतील, त्यांच्या कडेला कुंपणाच्या गडद रेघा. मग एखाद्या शेतात मध्येच एक गोल दिसेल, काठावर झाडीची गच्च दाटी असलेला. बाकीचं सगळं शेत कापून साफ झालेलं असतं, पण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या त्या गोलाला वळसा घालून गेलेल्या असतात. आतलं गवत तसंच.

तिथले लोक इंग्रजीत याला ‘फेअरी फोर्ट’ म्हणतात. मराठीत ‘परीचा किल्ला’ म्हणायला गेलो तर आपण दोनदा फसतो. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड नाही तर सिंधुदुर्ग येतो, आणि परी म्हटलं की पंख आणि छडी. इथे दोन्ही नाही. म्हणून आधी ‘किल्ल्या’चं बघू, कारण ते सोपं आहे.

हे गोल म्हणजे जुन्या शेतकऱ्यांची राहती घरं. साधारण इसवी सन 500 ते 1000 या काळात आयर्लंडमधलं खातंपितं कुटुंब अशा गोलात राहायचं. पद्धत साधी होती. गोल चर खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला टाकून बांध घालायचा, त्यावर लाकडी कूड किंवा काटेरी झाडी. आत जायला एकच वाट, बहुतेक वेळा पूर्वेच्या अंगाला. आतला व्यास सहसा तीसेक मीटर, म्हणजे आपल्याकडच्या ऐसपैस वाड्याएवढा. जिथे माती कमी आणि दगड जास्त, तिथे मातीच्या बांधाऐवजी दगडाची कोरडी भिंत रचायचे. पुरातत्त्वाचे अभ्यासक यांना रिंगफोर्ट म्हणतात आणि साऱ्या बेटावर अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे. सरासरी काढली तर दर दोन चौरस किलोमीटरला एक! आयरिश भाषेत मातीच्या गोलाला ‘राथ’ किंवा ‘लिस’ म्हणतात आणि दगडी गोलाला ‘कॅशल’ किंवा ‘कॅहर’. गावांच्या नावांत हे शब्द खच्चून भरलेत: लिस्टोवेल, लिसमोर, कॅहरसिवीन. डब्लिनमध्ये नोकरीला असलेली जी मराठी मंडळी रॅथमाइन्स किंवा रॅथफार्नमला भाड्यानं राहतात, त्यांच्या पत्त्यातसुद्धा एक राथ बसलेला आहे.

अशा बांधानं सैन्य काही अडलं नसतं. पण रात्री गुरं पळवायला आलेली टोळी किंवा लांडगा अडायचा, आणि त्या काळात ते पुरेसं होतं. कारण सगळी श्रीमंती गुरांतच होती. जुन्या आयरिश कायद्यात माणसाची पत, दंड आणि नुकसानभरपाई दुभत्या गाईंच्या हिशेबात मोजली आहे. चांगल्या स्थितीतल्या शेतकऱ्याला जो शब्द होता त्याचा अर्थच ‘गाईंचा धनी’, आणि त्यातला गाईसाठीचा आयरिश शब्द ‘बो’ हा आपल्या संस्कृत ‘गो’चा लांबचा भाऊबंद आहे. बहुतेक घरांना एकच बांध असे. दोन-तीन बांधांचे गोल मोठ्या असामींचे. तिथे संरक्षणापेक्षा मिरवणं जास्त असावं.

आत काय होतं, हे फारसं कळत नाही, कारण घरं कुडाची, ती कुजून जातात. पण अँट्रिम काउंटीतल्या डीअर पार्क फार्म्स इथे 1980च्या दशकात खणताना ओलसर मातीनं एक अजब गोष्ट राखून ठेवलेली सापडली. गोल घरांच्या विणलेल्या भिंती. हेझलच्या काटक्या टोपली विणावी तशा विणलेल्या, आणि भिंत एकाआत एक अशी दुहेरी, मधल्या फटीत ऊब राहावी म्हणून गवत, शेवाळ ठासून भरलेलं. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची थंडी अडवायची युक्ती, काटक्यांची सालं शाबूत असलेली. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत आवडतं दृश्य आहे, आणि त्यात परी कुठेच नाही.

मग ‘ते’ आले कुठून?

इसवी सन 1000 नंतर हळूहळू लोक हे गोल सोडून दुसरीकडे राहू लागले. घरं कुजली, बांध उरला. चार-पाच पिढ्यांत कोण राहत होतं ते विसरलं गेलं. अगदी अलीकडेपर्यंत गावातली माणसं सांगायची की हे डेन लोकांनी, म्हणजे समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी बांधलं. आपल्याच पणज्याच्या पणज्याचं घर परक्याच्या नावावर गेलं.

दुसरीकडे एक जुनी कथा आधीपासून होतीच. आयर्लंडवर ‘तुआहा डे डानन’ नावाचे दैवी लोक राज्य करायचे. मग माणसांचे पूर्वज गलबतांतून आले, लढाई जिंकले, आणि बेटाची वाटणी झाली: जमिनीच्या वरचा भाग माणसांचा, खालचा त्यांचा. ते टेकड्यांच्या आणि प्राचीन थडग्यांच्या पोटात राहायला गेले. अशा टेकाडाला जुना शब्द ‘शी’, आणि तिथे राहणाऱ्यांनाही तोच. इंग्रजी सिनेमांतून आणि गेममधून ओळखीची झालेली ‘बॅन्शी’ म्हणजे ‘बॅन शी’, शीमधली बाई. मुळात ही टेकाडं म्हणजे न्यूग्रेंजसारखी अश्मयुगीन थडगी, पाच हजार वर्षांपूर्वीची. पण लोककथेला कालगणनेशी काय करायचंय? शेतात गूढ गोल आहे, कुणी बांधला माहीत नाही, म्हणजे तो त्यांचाच. थडगं असो, जुनं घर असो, नाही तर नॉर्मन सरदारानं रचलेलं मातीचं टेकाड असो, सगळ्यांची मालकी एकाच खात्यावर चढली.

त्यात भुयारांनी भर घातली. अनेक गोलांच्या पोटात दगडांनी बांधलेली अरुंद भुयारं असतात, रांगत जावं लागेल अशी. लोणी-दूध गार ठेवायला आणि हल्ला झाला तर लपायला. घर गेलं, भुयाराचं तोंड बुजलं, पण पोकळी राहिली. शेकडो वर्षांनी कुणी गुराखी त्यावरून चालताना पाय आपटतो आणि खालून पोकळ आवाज येतो. तुम्ही-मी काय समजलो असतो?

आता ‘परी’ या शब्दाचं. जाणती माणसं तो शब्दही वापरायची नाहीत. ‘भली माणसं’, ‘थोर माणसं’, नाही तर नुसतंच ‘ती मंडळी’. रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणायची आपल्याकडची रीत आठवा. देवी आल्या म्हणायचो, रोग झाला म्हणायचो नाही. तीच गोष्ट. ऐकत असतील तर राग नको, म्हणून चांगलं नाव.

ही मंडळी दिसायला बहुधा माणसासारखीच. त्यांची गुरं असतात, बाजार असतात, लग्नं असतात. ती हॉकीसारखा हर्लिंगचा खेळ खेळतात, संगीताचा त्यांना भयंकर नाद, आणि त्यांच्यात गटबाजी आहे: मन्स्टर प्रांतातल्यांचं कॉनॉक्टवाल्यांशी वैर. बाळंतपणाला त्यांना माणसातली सुईण लागते. चर्चनं त्यांची सोय लावली ती अशी की हे स्वर्गातून हाकललेले देवदूत, नरकात टाकावं इतके वाईट नाहीत, परत घ्यावं इतके चांगले नाहीत, म्हणून मध्येच राहिले. थोडक्यात, बांधाला बांध लागून असलेला शेजारी. फक्त हा शेजारी दिसत नाही आणि चटकन डूख धरतो.

त्यांचा स्वभाव कळायला टिपररी काउंटीतल्या नॉकग्राफ्टनच्या टेकाडाची गोष्ट पुरते. लसमोर नावाचा एक कुबडा, टोपल्या विणून पोट भरायचा. टोपीत नेहमी फॉक्सग्लोव्ह या रानफुलाचा तुरा, त्या फुलाच्या आयरिश नावावरूनच त्याचं नाव पडलेलं. एका रात्री दमून तो टेकाडाशी बसला, तर आतून गाणं येतंय: ‘सोमवार, मंगळवार, सोमवार, मंगळवार’, इतकंच, पुन्हा पुन्हा. चाल गोड, पण शब्द पुढे सरकेचनात. लसमोरनं जरा वेळ ऐकलं, सम हेरली, आणि ते श्वास घ्यायला थांबले तिथे अलगद सुरात टाकलं, ‘आणि बुधवारसुद्धा’. आतले इतके खूश झाले की त्याला उचलून आत नेलं, मान दिला आणि त्याचं कुबड काढून घेतलं. सकाळी तो ताठ उभा. बातमी ऐकून दुसरा एक कुबडा आला, स्वभावानं चिडका आणि लोभी. त्यानं गाणं संपायची वाटच पाहिली नाही, ना ताल ना सूर, मध्येच दोन वार ओरडून मोकळा झाला. एका वाराला एक कुबड गेलं तर दोन वारांना दोन बक्षिसं, असा त्याचा हिशेब. झालं! त्यांनी लसमोरचं ठेवलेलं कुबड आणलं आणि याच्या कुबडावर बसवून दिलं.

या गोष्टीत पाप-पुण्य नाही. ताल सांभाळलात तर ठीक, नाही तर भोगा. गोलाभोवतीचे सगळे नियम याच जातीचे आहेत. आतलं झाड तोडू नये. दगड उचलून घराला लावू नये. नांगर घालू नये. एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला हात लावू नये, मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी लगडलं तरी फांदी घरात आणू नये. रात्री दारातून पाणी फेकायचं तर आधी हाक द्यावी, वाटेत कुणी असेल तर सरकेल. गवत वाळवायच्या दिवशी शेतात वावटळ उठली तर म्हणायचं, मंडळी निघाली. नवं घर बांधायचं तर चार कोपऱ्यांवर काठ्या रोवून रात्रभर ठेवायच्या. सकाळी एखादी पडलेली दिसली तर ती त्यांची वाट, घर सरकवा. आणि ओळखीच्या शेतात माणूस रात्रभर फिरत राहिला, फाटक सापडेना, तर पाय त्यांच्या ढेकळावर पडला. आपण याला चकवा लागणं म्हणतो. आयर्लंडमधला उतारा असा की कोट काढून उलटा घालायचा.

देवराईची आठवण येणं साहजिक आहे. तिथेही फांदी तोडत नाहीत. पण देवराईत देव असतो, त्याला नारळ, जत्रा, मानपान असतो. गोलात जाऊन कुणी पूजा करत नाही. तिथे जायचंच नाही, एवढाच विधी.

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटतं. पण ही समजूत गमतीसाठी टिकलेली नव्हती. धडधाकट मूल अचानक खंगत गेलं, तरणी बाई बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली, गडी माणसाचं एक अंग लुळं पडलं, तर कारण काय? क्षयाचे जंतू, मेंदूतली गुठळी हे शब्द अजून आले नव्हते. उत्तर तयार होतं: खरं माणूस त्यांनी गोलात नेलं, आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी बिछान्यात ठेवून गेले. हे उत्तर आईबापांना एका अर्थानं दिलासा द्यायचं, आणि त्यातच त्याचा घात होता. बिछान्यातलं जर आपलं नाहीच, तर त्याला त्रास दिला तर चालेल.

मार्च 1895मध्ये टिपररीतल्या बॅलीवॅडली इथे तेच झालं. ब्रिजेट क्लिअरी, वय 26. शिवणकाम करायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून अंडी विकायची. म्हणजे गावात चार पैसे स्वतःचे राखून असणारी बाई. थंडीनं आजारी पडली. डॉक्टर आला, पाद्री येऊन गेला. पण नवरा मायकल म्हणू लागला की ही माझी बायको नव्हे, ही उंच आहे, ही वेगळी आहे. जाणत्याकडून आणलेला झाडपाल्याचा काढा तिला बळजबरीनं पाजला, आगीजवळ धरून विचारलं, तू ब्रिजेट बोलंडच ना? (बोलंड हे तिचं माहेरचं आडनाव.) घरात तिचा बाप होता, नातलग होते, शेजारी होते. दुसऱ्या रात्री, 15 मार्चला, नवऱ्यानं तिला जाळलं. त्यानंतर तो जवळच्या किलनाग्रॅनाच्या गोलाशी रात्री जाऊन बसत होता. पांढऱ्या घोड्यावरून खरी ब्रिजेट बाहेर येईल, काळ्या मुठीच्या सुरीनं तिला बांधलेले दोर कापले की ती माझी, असं म्हणत. आठवड्याभरानं पोलिसांना जवळच उथळ खड्ड्यात प्रेत सापडलं. खटल्यात मायकलला सदोष मनुष्यवधासाठी 20 वर्षांची शिक्षा झाली, 1910मध्ये तो सुटला.

त्यानं हे मनापासून मानलं की स्वतःचं डोकं चालणाऱ्या बायकोवरचा राग या गोष्टीच्या आडून काढला, यावर आजही वाद होतात. मला वाटतं दोन्ही एकाच माणसात सहज मावतं.

गोलांचा आणखी एक उपयोग होता, तो पर्यटकांच्या माहितीपत्रकात क्वचित सापडतो. बाप्तिस्म्याआधी दगावलेलं अर्भक चर्चच्या पवित्र जमिनीत पुरता येत नसे. त्याला स्वर्ग नाही, नरक नाही, मधलीच जागा, अशी शिकवण. मग बाप किंवा काका रात्रीच्या अंधारात एवढंसं गाठोडं घेऊन निघायचा आणि पुष्कळदा यायचा तो याच गोलात. कुणी नांगरणार नाही, कुणी उकरणार नाही, याची खात्री असलेली ती गावातली एकमेव जागा. अशा दफनभूमीला ‘किलीन’ म्हणतात. नाव नाही, तारीख नाही, डोक्याशी आणि पायाशी शेतातला एखादा दगड. विसाव्या शतकातही हे चालू होतं. गोलाबद्दल विचारलं की म्हातारी माणसं विषय का बदलतात, याचं कारण प्रत्येक वेळी ‘ती मंडळी’च असेल असं नाही.

हे सारं आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे त्याचं श्रेय बऱ्याच अंशी शाळकरी पोरांना. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोककथा आयोगानं सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना काम दिलं: घरी आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. विषयांच्या यादीत हे गोलही होते. पन्नासेक हजार मुलांनी लिहिलं, सात लाखांहून जास्त पानं झाली. आता ती पानं इंटरनेटवर आहेत, शाईचे डाग आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एकच साचा हजारदा भेटतो: अमक्यानं झाड तोडलं, त्याचा हात आखडला. तमक्यानं दगड नेला, त्याच्या गाई मेल्या, दगड परत ठेवला तेव्हा थांबलं. आणि जवळपास प्रत्येक नोंदीत शेताचा मालक कोण, गोल कुठल्या कोपऱ्यात, झाडं कोणती, हे नेमकं. पुरातत्त्व खात्याला याहून चांगले स्वयंसेवक मिळाले नसते.

मग यंत्रं आली. फावड्यानं बांध उकरायला दोन आठवडे लागायचे, तेवढ्यात माणसाला चार वेळा भीती वाटायची. जेसीबीला एक सकाळ पुरते. 1973मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेला, शेतीत पैसा आला, शेतं मोठी करायची चढाओढ लागली आणि बरेच गोल सपाट झाले. कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. केरी काउंटीत एक गोल आणि त्यातलं भुयार उद्ध्वस्त केल्याबद्दल 2012मध्ये न्यायालयानं 25,000 युरोंचा दंड केला होता. पण कायदा तालुक्याच्या गावी असतो आणि भीती बांधावर. हजार वर्षं राखण केली ती भीतीनं.

ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही. 1999मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे मोठ्या रस्त्याच्या आखणीत एक एकटं हॉथॉर्नचं झाड येत होतं. एडी लेनिहान या कथेकऱ्यानं वर्तमानपत्रात लिहिलं की मन्स्टरमधल्या केरीची ‘ती मंडळी’ कॉनॉक्टवर चाल करून जाताना इथे जमतात, झाड तोडलंत तर त्या रस्त्यावर अपघात होतील. जगभर बातमी झाली. झाड राखून रस्ता झाला. 2017मध्ये केरीचे खासदार डॅनी हीली-रे यांनी जाहीरपणे सांगितलं की किलार्नी ते कॉर्क रस्त्यावर एक खड्डा दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा पडतो, कारण आसपास हे गोल आहेत. स्थानिक रस्ते विभागाचं म्हणणं, जमिनीच्या खालच्या थरांतच दोष आहे. कॅव्हनमधले अब्जाधीश शॉन क्विन 2011-12मध्ये दिवाळखोर झाले तेव्हाही लोकांनी बोट दाखवलं ते त्यांनी 1992मध्ये खाणीच्या जागेवरून उचलून हॉटेलच्या आवारात नेऊन बसवलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याकडे. मध्ये पंधरा-सोळा वर्षं भरभराटीची गेली आणि नंतर देशाच्या बँकाच कोसळल्या, हे कुणी मोजलं नाही. अशा गोष्टींचं गणित नेहमी एकाच बाजूनं मांडलं जातं. गोल सपाट करून सुखानं नव्वदीला गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट कोण कुणाला सांगेल?

तरीही, शिकलेसवरलेले आयरिश शेतकरी यावर हसतात आणि गोलाला हात लावत नाहीत. विचारलं तर सांगतील: वारसा आहे, कायदा आहे, गुरांना सावली मिळते, बिजूंची बिळं आहेत. सगळं खरं असतं. लाटूनच्या झाडाच्या फांद्या 2002मध्ये कुणीतरी रात्रीतून यांत्रिक करवतीनं छाटून टाकल्या, नुसतं खोड ठेवलं. कुणी केलं ते कळलं नाही. झाडाला पुन्हा फुटवा आला. रस्त्याच्या कडेला कुंपणात ते उभं आहे, बाजूनं शॅननच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या.